बीसीमधली १७ ऑक्टोबरची निवडणूक: महापौर, कौन्सिलर आणि स्कूल ट्रस्टी कसे निवडायचे

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, म्हणजे बीसीत, १७ ऑक्टोबर २०२६ ला, शनिवारी, सगळ्या नगरपालिकांची आणि शाळा मंडळांची निवडणूक एकाच दिवशी आहे. महापौर, कौन्सिलर म्हणजे इथले नगरसेवक, आणि शाळा मंडळाचे सदस्य म्हणजे स्कूल ट्रस्टी तिच्यात निवडले जातात. दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ती होते. तारीख कायद्यातच लिहिलेली असल्यामुळे आज होईल, उद्या होईल अशी वाट बघावी लागत नाही. मुंबईत मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती, हे आठवलं की या ठरलेल्या तारखेचं मोल कळतं.

तरीही इथे फार थोडे लोक मत देतात. व्हँकुव्हर शहरात २०२२ साली साधारण ३६ टक्के मतदान झालं. इथल्या आपल्या मराठी मंडळींत फेडरल, म्हणजे देशाच्या, निवडणुकीवर वाद रंगतात, महाराष्ट्राच्या निकालासाठी रात्रभर जागरण होतं. पण आपल्या गल्लीत पदपथ होणार की नाही, मुलाच्या शाळेची बस चालू राहणार की बंद होणार, हे ठरवणारी निवडणूक मात्र कधी येऊन गेली ते अनेकांना कळतही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट माहीत असावी. १९०७ साली बीसीने हिंदुस्थानातून आलेल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. तो परत मिळायला १९४७ उजाडलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५० मध्ये, फ्रेझर नदीकाठच्या मिशन गावात नरंजन सिंग ग्रेवाल स्थानिक मंडळावर निवडून आले. कॅनडात सार्वजनिक पदावर निवडून आलेले ते पहिले दक्षिण आशियाई मानले जातात. म्हणजे या देशात आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिलं दार उघडलं ते गावच्या निवडणुकीनेच.

आधी बघा, तुम्हाला मत आहे का

अटी चार. कॅनडाचं नागरिकत्व हवं, मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं, नोंदणीच्या आधी सलग सहा महिने तरी बीसीत राहिलेले असायला हवं, आणि ज्या नगरपालिकेत मत द्यायचं तिथेच राहत असायला हवं. घर मालकीचं की भाड्याचं, याने काही फरक पडत नाही. बेसमेंट सूटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूचं मत आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकाचं मत सारखंच.

पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, असलेल्यांना मत नाही. कितीही वर्षं राहिलात, घर घेतलंत, घरपट्टी भरलीत, तरी नाही. व्हँकुव्हरच्या कौन्सिलने २०१८ मध्ये प्रांताकडे ठराव करून मागणी केली होती की पीआरधारकांना स्थानिक निवडणुकीत मत द्यावं. कायदा मात्र बदलला नाही. मला ती मागणी रास्त वाटते, पण आज नियम हा आहे आणि फॉर्म भरताना त्यात गफलत करू नका. पात्र नसताना मत देणं हा गुन्हा आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी असली भानगड कोणालाच नको असते.

नागरिकत्वाची शपथ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणार असेल तर निराश होऊ नका. नोंदणी मतदान केंद्रावरही करता येते. आदल्या आठवड्यात शपथ झाली असली तरी बाकीच्या अटी पूर्ण असतील तर तुम्ही मत देऊ शकता.

आणखी एक वर्ग आहे. राहता एका गावात आणि घर दुसऱ्या गावात, समजा राहायला बर्नबीत आणि भाड्याने दिलेला काँडो केलोनात. नागरिक असाल आणि ती मालमत्ता किमान ३० दिवस तुमच्या नावावर असेल, तर केलोनातही मत देता येतं. मालमत्ता दोघा-तिघांच्या नावावर असेल तर त्यांतल्या एकालाच, आणि तेही इतर मालकांच्या बहुमताच्या लेखी संमतीने. कंपनीच्या नावावर असेल तर कोणालाच नाही.

तुमची नगरपालिका नेमकी कोणती?

हा प्रश्न साधा वाटतो, पण नव्या माणसाचा घोळ इथेच होतो. पुण्या-मुंबईत आपण म्हणतो 'व्हँकुव्हरला असतो', आणि प्रत्यक्षात राहत असतो सरेत नाहीतर कोक्विटलमला. मेट्रो व्हँकुव्हरमध्ये २१ वेगवेगळ्या नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचा महापौर वेगळा. पत्त्यावरून तर कळतच नाही. पाकिटावर 'लँगली' लिहिलेलं असतं, पण लँगली सिटी आणि लँगली टाउनशिप या दोन स्वतंत्र नगरपालिका आहेत. नॉर्थ व्हँकुव्हरचंही तसंच, सिटी वेगळी आणि डिस्ट्रिक्ट वेगळं. खात्रीचा मार्ग म्हणजे घरपट्टीचं बिल कोणाकडून येतं ते बघणं. भाडेकरू असाल तर घरमालकाला विचारा, किंवा कचऱ्याचं वेळापत्रक कोणत्या पालिकेच्या संकेतस्थळावर सापडतं ते बघा.

शाळा मंडळाची हद्द आणखी वेगळी. कोक्विटलमचं शाळा मंडळ पोर्ट कोक्विटलम आणि पोर्ट मूडीलाही धरून आहे. सरेच्या मंडळात व्हाइट रॉक येतं. दोन्ही लँगलींचं मंडळ मात्र एकच. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राचा महापौर वेगळा असला तरी ट्रस्टींचं मंडळ तुमचंच असू शकतं.

नोंदणी

स्थानिक निवडणुकीसाठी बहुतेक ठिकाणी प्रांताचीच मतदार यादी वापरतात. ती इलेक्शन्स बीसी ही प्रांताची निवडणूक यंत्रणा ठेवते. त्यांच्या संकेतस्थळावर नाव आहे का ते बघायला आणि नसेल तर घालायला थोडासा वेळ लागतो. बीसीचा वाहन परवाना हाताशी ठेवा. घर बदललं असेल तर पत्ता उन्हाळ्यातच बदलून घ्या. परवान्यावरचा पत्ता बदलला म्हणजे यादीतला आपोआप बदलला, असं गृहीत धरू नका.

राहून गेलं तरी मत जात नाही. मतदान केंद्रावर दोन ओळखपत्रं दाखवून नाव नोंदवता येतं. त्यांतल्या एकावर तरी सही हवी. फोटो असलाच पाहिजे असं नाही. वाहन परवाना आणि क्रेडिट कार्ड, किंवा बीसी सर्व्हिसेस कार्ड आणि विजेचं बिल, अशी जोडी चालते. पत्ता कागदावर नसेल तर तिथे घोषणापत्रावर सही करून देता येते. आई-वडील नागरिक झालेत पण बिलं सगळी मुलाच्या नावावर, अशी आपल्याकडे बरीच घरं आहेत. त्यांच्यासाठी ही सोय फार उपयोगी आहे.

मतपत्रिका लांबलचक असते, तयारी घरून करा

आपल्याकडच्या महापालिकेत नगरसेवक मिळून महापौर निवडतात. इथे महापौर थेट लोक निवडतात. पण निवडून आल्यावर कौन्सिलच्या टेबलावर त्याचं मत एकच, बाकीच्यांइतकंच. त्यामुळे महापौर चांगला निवडला आणि कौन्सिलर कोणीही चालतील असं म्हणून भागत नाही.

दुसरा मोठा फरक प्रभागांचा. बीसीतल्या जवळपास सगळ्या शहरांत प्रभाग नाहीत. अख्खं शहर हाच एक मतदारसंघ. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात मत दिलेल्यांना याची थोडी कल्पना येईल, फक्त इथे संख्या मोठी आहे आणि सगळी नावं एकाच यादीत असतात. सरेत २०२२ ला एक महापौर, आठ कौन्सिलर आणि सहा ट्रस्टी, अशी एका मतदाराला एकूण १५ मतं होती. व्हँकुव्हरमध्ये महापौर एक, कौन्सिलर १०, पार्क बोर्डाचे, म्हणजे उद्यान मंडळाचे, सात आणि ट्रस्टी नऊ, म्हणजे २७. ती नावं केंद्रात उभं राहून पहिल्यांदा वाचायची म्हटलं तर ओळखीचं आडनाव दिसेल तिथे गोळा भरला जातो. तसं होऊ देऊ नका.

उमेदवारी अर्ज १ ते ११ सप्टेंबरदरम्यान घेतले जातात. त्यानंतर नावं प्रत्येक पालिकेच्या संकेतस्थळावर लागतात, आणि प्रचाराचा अधिकृत काळ १९ सप्टेंबरपासून. उमेदवाराने त्याच गावात राहिलं पाहिजे अशी अट नाही, बीसीत राहिलं की पुरे. म्हणून प्रत्येक नावापुढे 'हा किंवा ही राहते कुठे' हा प्रश्न जरूर विचारा. मी तरी त्याला वजन देतो.

फेडरल पक्ष इथे नसतात. मतपत्रिकेवर लिबरल किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह असं काही दिसणार नाही. मोठ्या शहरांत मात्र स्थानिक आघाड्या असतात, आपल्या सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या पॅनलसारख्या. २०२२ ला व्हँकुव्हरमध्ये एबीसी आघाडीने केन सिम यांना महापौर केलं आणि उभे केलेले सगळेच्या सगळे उमेदवार निवडून आणले. आघाडीचं नाव बघून मत दिलं तर काम झटपट होतं खरं, पण नावागणिक माणूस तपासून घेतलेला बरा.

सगळी मतं वापरायलाच हवीत असं नाही. आठ जागा असतील आणि पटणारी माणसं पाचच असतील, तर पाचच द्या. उरलेली तीन मतं अनोळखी नावांना दिलीत तर ती तुमच्याच पसंतीच्या उमेदवारावर उलटू शकतात, कारण सगळे एकाच शर्यतीत असतात. उलट आठ जागांना नऊ खुणा झाल्या, तर त्या पदासाठीची तुमची सगळी मतं बाद होतात.

कशावरून निवडायचं

पाणी, कचरा, स्थानिक रस्ते, उद्यानं, वाचनालयं, अग्निशमन दल, पोलिसांवरचा खर्च, कुठे किती मजले बांधायचे याचे नियम, आणि या सगळ्यासाठी लागणारी घरपट्टी: हे कौन्सिलचं काम. दवाखाना, कॉलेज, इमिग्रेशन यांतलं काही त्यांच्या हातात नाही. 'मी डॉक्टरांची टंचाई दूर करीन' असं कौन्सिलरचा उमेदवार सांगत असेल तर तो कोणत्या अधिकाराने, हे विचारावं.

घरांच्या बाबतीत प्रांताने २०२३ मध्ये बराच अधिकार स्वतःकडे घेतला. जिथे आधी एका प्लॉटवर एकच घर चालायचं, तिथे बहुतेक शहरांत आता तीन-चार, आणि बस वारंवार असलेल्या थांब्याजवळ सहापर्यंत घरांना परवानगी द्यावीच लागते. 'आमच्या भागात हे होऊ देणार नाही' अशी आश्वासनं त्यामुळे तपासून घ्यावी लागतात.

स्थानिक मताचा जोर आणि त्याची मर्यादा, दोन्ही बघायचं तर सरेच्या पोलिसांचं प्रकरण बघा. तिथे वर्षानुवर्षं आरसीएमपी होती, म्हणजे कॅनडाचं राष्ट्रीय पोलिस दल. २०१८ ला डग मॅककॅलम निवडून आले आणि शहराचं स्वतःचं पोलिस दल उभं करायचं ठरलं. २०२२ ला ब्रेंडा लॉक आरसीएमपीच ठेवू म्हणून उभ्या राहिल्या आणि हजाराहूनही कमी मतांनी जिंकल्या, पाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात. कौन्सिलने निर्णय फिरवला. मग २०२३ मध्ये प्रांताने हस्तक्षेप करून नवं दलच पुढे न्यायला सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरे पोलिस सर्व्हिसने शहराचा ताबा घेतला. या सगळ्या ओढाताणीचा खर्च शेवटी लोकांच्याच खिशातून गेला. हजारभर मतं म्हणजे किती? सरेतल्या दोन-तीन मोठ्या टॉवरांमधली माणसं.

उमेदवार जोखायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे सर्वपक्षीय सभेसारख्या इथल्या 'ऑल कॅन्डिडेट्स मीटिंग'. वाचनालयात, शाळेच्या हॉलमध्ये होतात, प्रवेश फुकट असतो. सध्या पदावर असलेल्यांसाठी त्याहून सोपा मार्ग आहे: कौन्सिलच्या बैठकांचं चित्रीकरण बहुतेक शहरांच्या संकेतस्थळावर असतं. तुमच्या जवळचा एखादा विषय काढा, समजा तुमच्या रस्त्यावरचा सिग्नल किंवा क्रिकेटचं मैदान, आणि त्या दिवशी कोण काय बोललं, हात कुठे वर केला, ते बघा. प्रचाराच्या पत्रकात जे लिहिलेलं नसतं ते तिथे दिसतं.

स्कूल ट्रस्टी: शेवटचं नाव म्हणून सोडू नका

मतपत्रिकेच्या तळाशी असल्यामुळे ट्रस्टींची यादी पुष्कळ लोक कोरी सोडतात. शाळेत मुलं असलेले आपले आई-बापसुद्धा सोडतात, आणि याची मला खरीखुरी हळहळ वाटते. आपण घर घेताना किंवा भाड्याने बघताना आधी शाळा बघतो. मग त्या शाळेचा कारभार पाहणाऱ्यांची निवड अशी वाऱ्यावर का सोडायची?

ट्रस्टींचं मंडळ शाळा जिल्ह्याचा वार्षिक अर्थसंकल्प मंजूर करतं, मुख्य अधिकाऱ्याची म्हणजे सुपरिंटेंडंटची नेमणूक करतं, कॅचमेंटच्या, म्हणजे कोणत्या भागातली मुलं कोणत्या शाळेत जातील त्याच्या, सीमा आखतं आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक ठरवतं. अर्थसंकल्पात तूट ठेवायची कायद्याने मुभा नाही. पैसे कमी पडले की कात्री कुठे लावायची, हा निर्णय मंडळाचा. शाळेची बस, संगीताचा वर्ग, जादा मदत लागणाऱ्या मुलांसोबत बसणारे एज्युकेशन असिस्टंट, यांवर ती चालते. घराच्या खिडकीतून दिसणारी शाळा भरली म्हणून मुलाला दोन किलोमीटरवरच्या शाळेत पाठवलं जातं. त्यामागचे प्रवेशाचे नियमही मंडळाचेच असतात.

अभ्यासक्रम, शिक्षकांचा मूळ पगार आणि नव्या इमारतीचा पैसा मात्र प्रांताकडे. सरे हा बीसीतला विद्यार्थीसंख्येने सगळ्यात मोठा शाळा जिल्हा, आणि तिथे पटांगणात पोर्टेबल, म्हणजे तात्पुरत्या खोल्या, उभ्या करून वर्ग भरवावे लागतात. ट्रस्टी स्वतः शाळा बांधू शकत नाहीत. पण प्रांताकडे आकडे घेऊन सतत पाठपुरावा करणारे ट्रस्टी आणि नुसते बैठकीला बसणारे ट्रस्टी यांत फरक पडतोच. घरपट्टीच्या बिलात 'स्कूल टॅक्स' असा वेगळा रकाना दिसतो, त्याचा दरही प्रांतच ठरवतो, ट्रस्टी नव्हे. प्रांत मंडळच बरखास्तही करू शकतो: जानेवारी २०२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या शाळा मंडळातले नऊच्या नऊ ट्रस्टी शिक्षणमंत्र्यांनी पदावरून काढले. शाळांमध्ये पोलिसांनी येण्यावरून तो वाद चिघळला होता.

ट्रस्टीच्या उमेदवाराला विचारायचे माझे तीन प्रश्न. गेल्या अर्थसंकल्पातली कोणती कपात तुम्हाला चुकीची वाटली आणि तिच्याऐवजी काय कापलं असतं? आमच्या भागातल्या कोणत्या शाळेत जागा उरलेली नाही? इंग्रजी घरी न बोलणाऱ्या मुलांच्या मदतवर्गांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? तिसऱ्या प्रश्नाला जो गोलमाल उत्तर देतो त्याला मी मत देत नाही.

मतदानाचा दिवस

केंद्रं सकाळी ८ ते रात्री ८ उघडी असतात. शनिवारी मुलांचे क्लास, किराणा, मित्रांकडची जेवणं असा बेत असतोच, म्हणून आगाऊ मतदानाच्या दिवशी जाऊन यावं असं मी सगळ्यांना सांगतो. मतदानाच्या दहा दिवस आधी एक आगाऊ दिवस असतोच, आणि मोठ्या गावांत आणखीही. व्हँकुव्हरमध्ये एप्रिल २०२५ च्या पोटनिवडणुकीत केंद्रं कमी पडली आणि लोकांना रांगेत ताटकळावं लागलं. बऱ्याच ठिकाणी टपालानेही मत देता येतं. त्यासाठी पालिकेकडे आधी अर्ज करावा लागतो.

आत गेल्यावर ईव्हीएम नसतं, बोटाला शाईही लावत नाहीत. कागदाची मोठी मतपत्रिका हातात देतात. नावापुढचा लंबगोल पेनने पूर्ण भरायचा, आणि बहुतेक शहरांत ती पत्रिका तुम्ही स्वतः मोजणी यंत्रात सरकवायची. खूण चुकली तर खाडाखोड करू नका. पत्रिका परत देऊन नवी मागा, देतात. घरून नावांची चिठ्ठी लिहून नेली तर चालते, आणि तीच उत्तम. पत्रिकेचा फोटो मात्र काढू नका. आईला इंग्रजी वाचता येत नसेल तर भाषांतरासाठी सोबत कोणाला तरी नेता येतं. त्या व्यक्तीला तिथे एक घोषणापत्र करावं लागतं. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे, तेव्हा आघाडीचा टीशर्ट किंवा बिल्ला घालून जाऊ नका.

पीआर असाल तर

मत नसलं तरी हात बांधलेले नाहीत. प्रचारात स्वयंसेवक होता येतं, दारोदार जाता येतं, उमेदवारांना प्रश्न विचारता येतात. बीसीत राहणारे पीआरधारक उमेदवाराला ठरलेल्या मर्यादेत देणगीही देऊ शकतात. वर्क परमिट किंवा स्टुडंट परमिटवर असणाऱ्यांना देणगीची परवानगी नाही, आणि कंपन्या व कामगार संघटनांना तर कोणालाच नाही. म्हणून दुकानाच्या खात्यातून चेक देऊ नका. कौन्सिलच्या जनसुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. शाळेच्या पालक मंडळात यायलाही लागत नाही, आणि ट्रस्टी कसे काम करतात हे जवळून कळतं ते तिथेच.

निकालानंतर

८ वाजता केंद्रं बंद झाली की मोजणी सुरू होते आणि बहुतेक शहरांचे आकडे त्याच रात्री कळतात. अधिकृत घोषणा पुढच्या काही दिवसांत. २०१८ मध्ये ओकानागन तळ्याकाठच्या पीचलँडमध्ये महापौरपदाच्या दोन उमेदवारांना न्यायालयीन फेरमोजणीनंतर अगदी सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. मुंबईत २०१७ साली एका प्रभागात असंच चिठ्ठीवर आलं होतं, ते अनेकांना आठवत असेल.

नवं कौन्सिल नोव्हेंबरच्या सुरुवातीला शपथ घेतं आणि त्यापाठोपाठ पुढच्या वर्षीच्या घरपट्टीची चर्चा सुरू होते. नव्या कौन्सिलरांना पहिली ईमेल लिहायची तर ती याच दिवसांत लिहा. निवडून आलेले असोत वा पडलेले, सगळ्या उमेदवारांना खर्चाचा आणि देणग्यांचा हिशोब मतदानानंतर ९० दिवसांत, म्हणजे १५ जानेवारी २०२७ पर्यंत द्यावा लागतो. इलेक्शन्स बीसीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही बघता येतो. ज्यांना मत दिलंत त्यांना पैसा कुठून आला, तेही एकदा उघडून बघा.